पाहुण्यांच्या खोलीतला गारठा

गेल्या जानेवारीत मी आमच्या घरातलं उत्तम चालणारं हीटिंग दुरुस्त केलं.

हे काम बरेच दिवस चाललं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचं हीटिंग बंद पडलं, तळघरात पाणी झालं, पाहुण्यांच्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीवर एक काळा ओघळ उमटला तो अजून आहे, आणि माझ्या सासूबाई रत्नागिरीला लवकर परत जायला निघाल्या. हीटिंगला मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत काहीही झालेलं नव्हतं. त्या दिवसांत आमच्या घरात सगळ्यांत चांगली तब्येत त्याचीच होती.

हे एखाद्या संस्कृतच्या प्राध्यापकाच्या हातून झालं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. माझी अडचण अशी की मी पोटासाठी उष्णतेचंच काम करतो. गाडीच्या बॅटरीला फार तापू द्यायचं नाही आणि फार गार पडू द्यायचं नाही, याचा हिशोब मी दिवसभर संगणकावर मांडत असतो. जर्मनीत आखनला मी याच विषयात डॉक्टरेट केली. उष्णता कुठून निघते, कुठे जाते आणि वाटेत कुठे अडते यावर माझा जाडजूड प्रबंध आहे. त्यातलं ‘वाटेत कुठे अडते’ हे प्रकरण परीक्षकांना विशेष आवडलं होतं.

आम्ही राहतो बॉबलिंगेनच्या कडेला, एका दुमजली घरात. वर आम्ही, खाली घरमालकीणबाई. बाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, पक्क्या श्वाबियन, म्हणजे स्वच्छतेच्या बाबतीत कडक अशा या भागातल्याच. जिन्यात पडलेलं वाळकं पान कोणाच्या बुटाला चिकटून आलं हे त्या पानाकडे बघून सांगू शकतात, आणि ते बहुधा माझ्याच बुटाला चिकटून आलेलं असतं. तळघरात, म्हणजे केलरमध्ये, दोन्ही घरांना मिळून एकच बॉयलर आहे. त्यातलं गरम पाणी आधी त्यांच्या आणि मग आमच्या रेडिएटरांतून, म्हणजे खोलीखोलीत भिंतीला लावलेल्या पोकळ लोखंडी पाट्यांतून, फिरतं आणि परत खाली जातं. थोडक्यात, आमचं आणि बाईंचं सुखदुःख एकाच नळीत आहे. भाडेकराराखेरीज आमच्यात दुसरं काही नातं असेल तर ते हेच.

सासूबाई आल्या त्या आमच्या गरजेपोटी. मुलगी अकरा महिन्यांची झाली होती. बायकोची बाळंतपणाची लांब रजा नाताळापाशी संपत होती, आणि पाळणाघरात, म्हणजे किटात, जागा मिळाली होती ती एप्रिलपासून. मधल्या महिन्यांत पोरीला सांभाळायचं कोणी? माझ्या वाट्याची रजा मी उन्हाळ्यातच घेऊन संपवली होती. तिच्यातली बरीचशी बाल्कनीत मुलीशेजारी झोपण्यात गेली, पण तो विषय आमच्या घरी काढत नाहीत. बायकोला ऑफिसात नवी जबाबदारी मिळायची होती. तिच्या साहेबाने साफ सांगितलं होतं की जानेवारीत आलीस तर काम तुझं, नाहीतर ते दुसऱ्याकडे जाईल. बायकोने त्या कामासाठी फार वाट पाहिली होती. तेव्हा तिची नोकरी आणि माझी मनःशांती, दोन्ही सासूबाईंच्या गुडघ्यांवर उभी होती. गुडघे तसे बरे होते. फक्त थंडी लागली की दुखायचे.

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. फार बोलत नाहीत. वर्गात गोंधळ करणाऱ्या मुलाकडे नुसतं बघून त्याला खाली बसवायची सवय असल्यामुळे त्यांना बोलायची गरज पडत नसावी. मला त्या ‘जावईबापू’ म्हणतात, आणि त्यातल्या ‘बापू’ला किती जोर आहे यावरून मी दिवसाचा अंदाज बांधतो.

आता पिठाबद्दल. आमच्या घरी आंबोळ्या हे माझं खातं आहे. तांदूळ-उडीद भिजवणं, वाटणं, आंबवणं, सगळं मी करतो. जर्मनीतल्या हिवाळ्यात पीठ आंबवणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. दोन दिवस झाले तरी पीठ जसंच्या तसं, निर्विकार. लोक ओव्हनमधला दिवा लावून त्यात पातेलं ठेवतात. मला ते अशास्त्रीय वाटायचं. अख्खं घर उष्णतेने भरलेलं असताना एका दिव्याच्या दारात कशाला जायचं? म्हणून मी आदल्या हिवाळ्यात एक व्यवस्था बसवली. पाहुण्यांच्या खोलीत खिडकीखाली लांबलचक रेडिएटर होता. त्याच्या उजव्या टोकाला चिकटून एक स्टूल ठेवायचं, स्टुलावर पातेलं, आणि पातेलं आणि रेडिएटरचं ते टोक मिळून दोघांवर एक गोधडी. गोधडी सासूबाईंनी आमच्या लग्नात दिलेली, त्यांच्या जुन्या लुगड्यांची. इथल्या घरात ती अंगावर घेतली की घाम यायचा, म्हणून तिला मी हे काम दिलं होतं.

पीठ असं फुगायचं की झाकण वर उचललं जायचं. मी बॉबलिंगेन-सिंडेलफिंगेन भागातल्या मराठी मंडळींना घरी बोलावून ही व्यवस्था दाखवली. गोधडी उचलायची, झाकण काढायचं, जाळी दाखवायची, पुन्हा सगळं पांघरायचं. सिंडेलफिंगेनच्या माझ्या एका मित्राने तर तिथेच फोटो काढले आणि घरी जाऊन तंतोतंत तशीच मांडणी केली. खोली तेव्हा रिकामीच असायची. तिच्यात पिठाशिवाय कोणी राहत नव्हतं.

डिसेंबरच्या शेवटी सासूबाई आल्या आणि त्या खोलीत राहू लागल्या. स्टूल हलवू का, असं मी विचारलं होतं, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. त्या म्हणाल्या, असू दे, माझं काय अडतंय त्याने. गोधडीकडे त्यांनी एकदा पाहिलं. पुढे आंबोळ्यांसाठी त्याच तांदूळ भिजवायला लागल्या. पातेलं रिकामं झालं की दुसरं तयार, अशी साखळी लागली. घरात माणूस वाढलं की पीठ लागतंच.

दोन-तीन दिवसांत त्यांनी अंगात एकावर एक दोन स्वेटर घातले. मग पायमोजे. मग एका सकाळी त्या कानटोपी घालून चहाला आल्या. बायकोने विचारलं, आई, खोली गार आहे का गं? त्या म्हणाल्या, जर्मनी आहे, गारच असणार.

मी जाऊन रेडिएटरला हात लावला. कोमट. बाकी सगळ्या खोल्यांतले चटका बसेल असे, आणि हा मात्र ताप उतरलेल्या माणसाच्या कपाळासारखा. रेडिएटरच्या उजव्या टोकाला एक गोल मूठ असते, तिच्यावर आकडे असतात. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. खोली किती गरम हवी ते आकड्याने सांगायचं, मग ती मूठ आसपासची हवा बघून पाणी कमी-जास्त सोडते. ती आमच्याकडे गोधडीखाली होती. मी गोधडीत हात घातला, मूठ शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवली, आणि पिठाला वारा लागू नये म्हणून गोधडी पुन्हा नीट खोचून ठेवली.

संध्याकाळी रेडिएटर कोमटच.

मग मी निदान केलं: हवा. रेडिएटरमध्ये वर हवा साचली की पाणी फिरत नाही, हे इथे शाळकरी पोरालाही माहीत असतं. ती काढायला एक चिमुकली चौकोनी किल्ली मिळते. ती मी बाउमार्क्टमधून, म्हणजे घरदुरुस्तीच्या त्या अवाढव्य दुकानातून आणली. दुकानात शिरताना मी एक किल्ली घ्यायला गेलेला माणूस होतो. बाहेर आलो तेव्हा माझ्याकडे किल्ली, गुडघ्यांना बांधायच्या गाद्या, कपाळावर लावायचा दिवा आणि दाब मोजायचं एक घड्याळ होतं, जे कशाला जोडायचं हे मला आजही माहीत नाही.

हवा काढायचा स्क्रू रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला, डावीकडे असतो. त्यामुळे पिठाला धक्का लावायची गरजच नव्हती, याचं मला बरं वाटलं. सासूबाई पलंगावर बसून बघत होत्या. मी किल्ली फिरवली. फुस्स झालं. आणि मग काळं पाणी पिचकारीसारखं भिंतीवर गेलं.

पाणी आलं म्हणजे हवा संपली. तिथे किल्ली बंद करायची असते. पण माझं लहानपण ज्या गावात गेलं तिथे नळाला पाणी आलं की आधी गढूळ यायचं. ते सोडून द्यायचं, स्वच्छ आलं की मग घागर लावायची. ही गोष्ट माझ्या हातांना डॉक्टरेटच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. तेव्हा मी खाली बादली लावली आणि स्वच्छ पाण्याची वाट बघत बसलो. हीटिंगमधलं पाणी वर्षानुवर्षं त्याच लोखंडात फिरत असतं. ते स्वच्छ येत नाही. मी बादली ओतून आलो, पुन्हा लावली. मग म्हटलं, एवढी घाण आहे तर बाकीच्या रेडिएटरांतही असणार. अर्धवट काम करायचं नाही, ही मला लागलेली जर्मन सवय. मी घरभर फिरून प्रत्येक रेडिएटरला स्वच्छ पाण्याची संधी दिली.

तास-दीड तासाने घरातले सगळे रेडिएटर पाहुण्यांच्या खोलीतल्यासारखे झाले. त्या खोलीतला तेवढा अजून जरासा कोमट राहिला होता.

दाराची घंटा वाजली. घरमालकीणबाई उभ्या होत्या, अंगात ओव्हरकोट, डोक्याला हॅट. मला वाटलं कुठे बाहेर निघाल्यात. त्या घरातूनच आल्या होत्या. त्यांनी माझ्या कपाळावरच्या दिव्याकडे पाहिलं, गुडघ्यांवरच्या गाद्यांकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, “माझं घर थंड पडलंय, आणि किल्ली तुमच्या हातात आहे.”

मी त्यांना समजावायला गेलो की मी फक्त हवा काढत होतो. त्यांनी बादलीत डोकावून विचारलं की ही हवा आहे का.

झालं होतं ते असं. नळ्यांतलं पाणी कमी झालं, दाब उतरला, आणि बॉयलरने स्वतःला बंद करून घेतलं. शनिवार होता. बाईंचा नेहमीचा माणूस सोमवारशिवाय येणार नव्हता. मी म्हणालो, पाणी भरायचं तर आहे, मी भरतो. बाईंनी पुन्हा बादलीकडे पाहिलं. शेवटी थंडीने माझ्या बाजूने मत दिलं असावं. त्या मला केलरमध्ये घेऊन गेल्या आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या.

नळाला रबरी नळी लावली, नळीचं दुसरं टोक बॉयलरच्या नळ्यांना. दाबाच्या तबकडीवर हिरवा पट्टा होता. काटा हिरव्यात आला की थांबायचं. बाई म्हणाल्या, बास. मी म्हणालो, थोडं जास्त असू द्या. हीही आमच्या गावचीच सवय, पाणी आहे तोवर टाकी काठोकाठ. काटा हिरव्यातून बाहेर पडून तांबड्यात शिरला, वरच्या सुरक्षा-झडपेतून एक शिट्टी आली, आणि मी भरलेलं जादा पाणी, थोडं व्याज लावून, खाली ठेवलेल्या एका खोक्यावर पडलं. खोक्यात बाईंचं नाताळचं सामान होतं, नुकतंच आवरून ठेवलेलं. गवताच्या काड्यांचे तारे, त्यांच्या आईच्या हातचे.

बाईंनी खोकं उचलून वर नेलं. पुढचे दोन दिवस त्यांच्या रेडिएटरवर ते तारे ओळीने वाळत घातलेले खिडकीतून दिसायचे. मी जाता-येता बुटांकडे बघत जायचो. केलर मात्र मी पुसून इतका लख्ख केला की तिथे आंबोळी टाकून खावी.

हीटिंग सुरू झालं. सगळ्या खोल्या तापल्या. पाहुण्यांच्या खोलीतली सोडून.

आता मी विज्ञानाकडे वळलो. ऑफिसचा लॅपटॉप काढला आणि आमचं घर त्यात बांधलं. भिंती, खिडक्या, नळ्यांची लांबी, रेडिएटरांचे आकार, सगळं. संगणकाने रविवारची दुपार खाऊन उत्तर दिलं की पाहुण्यांची खोली घरात सगळ्यांत ऊबदार आहे. चित्रात ती छान नारिंगी दिसत होती. माझ्या चित्रात पातेलं नव्हतं. पातेलं कोण काढतं? मी लॅपटॉप घेऊन सासूबाईंकडे गेलो आणि त्यांना दाखवलं की गणिताप्रमाणे त्यांच्या खोलीत बावीस अंश आहेत. त्यांनी कानटोपी सारखी करत चित्र नीट पाहिलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग मी स्वेटर काढते.”

त्यांनी काढला नाही. पण बायको पलीकडच्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसत होती ते मला ऐकू आलं.

तिचं हसणं फार टिकलं नाही. तिचं ऑफिस सुरू झालं होतं. पहिल्या आठवड्यात ती घरी यायची तीच तरतरीत होऊन, कधी नव्हे ते जेवताना कामाबद्दल बोलायची. दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंच्या गुडघ्याला सूज आली. मुलगी नुकती उभी राहून चालायला बघत होती, तिच्यामागे त्यांना वाकवेना. रत्नागिरीहून त्यांच्या मुलाचा फोन आला. तो म्हणाला, आई, परत ये, मी एप्रिलचं तिकीट बदलतो. मी बायकोला म्हणालो, उद्या होतंय बघ, आता फक्त एकच शक्यता उरलीये. ती म्हणाली, साधा विजेचा हीटर आण. मी म्हणालो, म्हणजे हरलो म्हणायचं का? ती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती.

“अरे, आई संक्रांत झाली की जाते म्हणतेय,” ती म्हणाली. “मग मी ऑफिसात काय सांगू, तेवढं सांग. तुझ्या लॅपटॉपवर नाही, तोंडाने सांग.”

मी कपाळावरचा दिवा शोधायला उठलो.

उरलेली शक्यता अशी होती की थर्मोस्टॅटच्या मुठीमागची बारीक खीळ अडकली असेल. ती आत रुतून बसली की पाणी येत नाही. उपाय सोपा असतो. मूठ काढायची आणि खीळ बोटाने आत-बाहेर करायची. मी स्टूल बाजूला घेतलं, गोधडी घडी करून पलंगावर ठेवली, मूठ काढली, खीळ हलवली. सळ्‌ आवाज झाला. आणि बघता बघता रेडिएटर तापू लागला.

मी सगळ्यांना हाक मारली. बायकोने हात लावून पाहिला, सासूबाईंनी लावला, मुलीचा मी लांबूनच लावल्यासारखा केला. खीळ अडकली होती, मी दोनदा सांगितलं. सासूबाईंनी कानटोपी काढली. त्यांच्या तोंडून ‘छान झालं, जावईबापू’ असंही आलं, आणि त्यातला ‘बापू’ अगदी मऊ होता. मी मूठ परत लावली, स्टूल जागेवर सरकवलं, पातेलं ठेवलं, गोधडी चारी बाजूंनी खोचली, आणि हात झटकत बाहेर आलो.

जेवणं होईपर्यंत रेडिएटर कोमट झाला होता. सासूबाईंनी कानटोपी घातली आणि मुलाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मी घरूनच काम करत होतो. बायको ऑफिसला गेलेली, मुलगी झोपलेली. दुपारी मी सासूबाईंच्या खोलीत डोकावलो तर दारातच गरम झुळूक अंगावर आली. सासूबाई खुर्चीत बसून, कानटोपी नाही, एकच स्वेटर, आरामात वाचत होत्या. गुडघ्यांवर गोधडी. पलीकडे पातेलं स्टुलावर नुसत्या झाकणानिशी.

माझी छाती फुगली. मी म्हणालो, बघा, खीळ हळूहळू सुटली, अशा गोष्टींना वेळ द्यावा लागतो. त्या म्हणाल्या, असेल. सकाळी फारच गारठले म्हणून गोधडी ओढून घेतली, पिठाची माफी मागून.

मी पिठाचं झाकण उचललं. पीठ बसलेलं, ना बुडबुडा ना जाळी. आता तुमची खोली तापलीये तर गोधडी पिठाला द्याल का, असं मी त्यांना विचारलं. होय, विचारलं. त्या गोधडी घडी करून माझ्या हातात देत म्हणाल्या, “घ्या. पण मग संध्याकाळी खोली गार होणार.”

मी हसलो. मी विचारलं, का हो आई?

“का ते मला काय माहीत? गोधडी पिठावर असली की खोली गार, माझ्यावर असली की गरम. तुम्ही काल ती पलंगावर ठेवलीत तेव्हाही तापली होती.”

मग मी, उष्णतेत डॉक्टरेट केलेल्या माणसाला शोभेल अशा संयमाने, त्यांना समजावू लागलो. गोधडीचा आणि खोलीचा काही संबंध नाही. गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही, फक्त आहे ती ऊब अडवते. बोलता बोलता मी पातेल्यावर गोधडी टाकली, रेडिएटरच्या टोकावरून ओढून घेतली, आणि ती खोचण्यासाठी हात आत घातला. हात मुठीवर पडला. मूठ चांगलीच तापलेली. आत लगेचच कोंडल्यासारखी, ऊबदार, दमट हवा जमू लागली होती. मी म्हणत होतो, “म्हणजे गोधडीखाली जी उष्णता अडते, ती बाहेरच्या...”

वाक्य पुढे गेलं नाही.

मूठ आसपासची हवा बघते. तिच्या आसपास गोधडी होती. तिला जेवढं जग दिसत होतं त्या जगात एक पातेलं होतं, ते मस्त ऊबेत होतं, आणि त्याला याहून जास्त काही नको होतं. मग मूठ आपलं काम चोख करत होती. पाणी बंद. आदल्या हिवाळ्यापासून जर्मन यंत्राने आमच्या आंबोळीच्या पिठाची अशी काळजी घेतली होती की माझ्या बॅटऱ्यांची मीही घेतलेली नाही. खोलीत दुसरं कोणी राहायला आलंय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणारा मी होतो, आणि मी हर खेपेला मूठ उघडून, फिरवून, पुन्हा पांघरून ठेवत होतो.

मी गोधडी काढली आणि घडी न करताच सासूबाईंच्या गुडघ्यांवर ठेवली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी पातेलं उचललं, स्टूल उचललं, आणि जाता जाता जमेल तेवढ्या कमी शब्दांत काय झालं होतं ते सांगितलं. सासूबाई वर्गात कोणाला खाली बसवायचं असलं की बघतात तशा नुसत्या बघत राहिल्या. पातेलं मी ओव्हनमध्ये ठेवलं आणि आतला दिवा लावला. सगळे लावतात तसा.

संध्याकाळी बायको आली तेव्हा ती खोली इतकी तापली होती की मुलगी नुसत्या झबल्यावर तिथे रांगत होती. गोष्ट तिला सासूबाईंनीच सांगितली, माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली. लॅपटॉपवरच्या नारिंगी चित्राचा भाग आला तेव्हा बायकोला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मग तिने तो सगळा प्रकार खाली जाऊन घरमालकीणबाईंना सांगितला. मी जिन्यात कान देऊन उभा राहिलो. मग एक हसू ऐकू आलं. त्या घरात आम्हाला चार वर्षं झाली, बाई हसतात हे मला तेव्हा कळलं.

आम्ही जेवायला बसणार तेवढ्यात माझा फोन वाजला. सिंडेलफिंगेनचा मित्र, फोटो काढून नेणारा. त्याच्याकडे त्याचे आईवडील आले होते. म्हणाला, अरे, तुझ्याकडे ती रेडिएटरची चौकोनी किल्ली आहे ना, उद्या नेतो. पाहुण्यांच्या खोलीतला रेडिएटर तापतच नाहीये, हवा झाली असणार.

मी त्याला म्हणालो, किल्ली नको नेऊस. आधी पातेलं हलव. तो म्हणाला, पातेल्याचा काय संबंध? मी म्हणालो, हलव म्हणतो ना. आणि फोन ठेवला. आणखी कोणाकोणाला मी ती व्यवस्था दाखवली होती ते आठवायचा मी प्रयत्न केला, आणि मग सोडून दिला.

न फुगलेल्या पिठाच्या आंबोळ्या चपट्या आणि चिवट झाल्या होत्या. मी त्या सगळ्यांना वाढल्या. बायको आंबोळीचा तुकडा हातातच धरून होती. खोली तापली होती, पण फोन तर होऊन गेला होता, आणि भाऊ तिकीट बदलायलाच बसला असणार. तिने शेवटी विचारलंच, आई, मग तिकिटाचं काय करायचं?

सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला. गोधडी खांद्यावरून पुढे ओढून घेतली, खरं तर जेवणाच्या खोलीत तिची गरजही नव्हती. मग त्या माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाल्या:

“भावाला सांग, एप्रिलचंच असू दे. पिठाला थंडी वाजतेय की सासूला, हे ज्या माणसाला कळत नाही, त्याच्या भरवशावर पोर टाकून मी जायची नाही.”